एसई संपलं, सात आठवडे सुट्टी आहे, कॉम्प्युटरवाल्याने नेमकं काय करावं?

कांदाचाळ_सिन्नर (प्रश्न)

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एसई कॉम्प्युटरला (इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष) आहे, पुणे विद्यापीठाचंच कॉलेज, घर सिन्नर तालुक्यात. परवा एंडसेमचा शेवटचा पेपर झाला आणि काल एसटीने घरी आलो. टीईचं (तिसऱ्या वर्षाचं) कॉलेज चालू व्हायला सात आठवडे आहेत आणि मागची सुट्टी जशी मोबाईलमध्ये गेली तशी ही जाऊ नये असं मनापासून वाटतंय म्हणून इथं विचारतोय.

परिस्थिती सांगतो म्हणजे तुम्हाला उत्तर द्यायला सोपं जाईल. लॅपटॉप साधा आहे, ८ जीबी रॅम. घरी वायफाय नाही, मोबाईलचा रोजचा दीड जीबी डेटा तोच लॅपटॉपला जोडतो. दुपारी लाईटचा भरवसा नसतो. सी++ येतं म्हणजे डेटा स्ट्रक्चरची प्रॅक्टिकलं स्वतः केलीत, पण खरं सांगायचं तर निम्मी जर्नलपुरती केली आणि ओरल झाल्यावर डोक्यातून गेली. पायथन थोडंफार. गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) नुसतं ऐकून माहितीये, गिटहबवरून कोड झिप करून उतरवतो एवढंच.

रूमवरच्या तिघांनी एक ऑनलाईन इंटर्नशिप घेतलीये, ४५ दिवस, एआय-एमएल, फी ९ हजार, शेवटी सर्टिफिकेट. फॉर्म भरल्यावर दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आलं. मला पण ये म्हणतायत. वडील म्हणाले लागत असतील तर देतो पैसे, पण उन्हाळ कांदा चाळीत पडून आहे, भाव नाही, त्यामुळे मागायची हिंमत होत नाही. आणि सकाळी ११ पर्यंत शेतात हात द्यावा लागतो ते वेगळंच.

तर ९ हजार घालावेत का? नाहीतर घरी बसून असं काय करता येईल ज्याचा टीईला आणि पुढे प्लेसमेंटला खरंच उपयोग होईल? यूट्यूबवर जो तो वेगळा रोडमॅप सांगतो, कुठला धरावा तेच कळंना.

प्रवरेकाठचा

भाऊ, ९ हजार घालू नको. दहा मिनिटांत ऑफर लेटर येतं म्हणजे तू कोण, तुला काय येतं हे कुणी बघितलेलंच नाही.

माझं सांगतो. एसईच्या सुट्टीत मी गावाकडं मामाच्या दूध संकलन केंद्रावर बसायचो. साठ-सत्तर जण दूध घालायचे, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवायचं, मामा रजिस्टरला लिटर, फॅट, एसएनएफ लिहायचा, दरपत्रक बघून दर लावायचा आणि दर दहा दिवसांनी बिलं काढायची रात्र आली की घड्याळात दोन वाजायचे. दरपत्रक म्हणजे एक मोठा तक्ता, गाईच्या दुधाला ३.५ फॅट ८.५ एसएनएफला बेस दर आणि तिथून वर-खाली प्रत्येक पॉइंटला ठरलेले पैसे कमीजास्त. मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे, पायथन घेतलं, डेटाबेसला एसक्यूलाईट घेतलं आणि लिहून टाकलं.

पहिल्याच सकाळी एका आजीच्या चिठ्ठीवर दर शून्य आला. तिच्या आधीच्या दोघा-तिघांचा बरोबर. तिची फॅट ३.३ लागली होती, तिच्या आधीच्यांची ३.२ किंवा त्याहून कमी होती. झालं असं की तक्ता तयार करताना मी ३.० पासून निघून दर वेळी ०.१ मिळवत गेलो होतो. ३.१ नीट येतं, ३.२ नीट येतं, आणि ३.२ मध्ये ०.१ मिळवले की पायथन ३.३००००००००००००००३ देतं, कारण ०.१ हा आकडा बायनरीत नेमका मावतच नाही, प्रत्येक वेळी कणभर चूक साठत जाते. मग प्रोग्राम ३.३ शोधायला गेला की तक्त्यात तशी ओळच नाही. फ्लोटिंग पॉइंट (कॉम्प्युटर दशांश आकडे साठवतो ती पद्धत) मी पेपरात लिहून आलो होतो, मार्कही मिळाले होते, पण समजलं ते आजी किटली घेऊन समोर उभी राहून "पोरा, माझ्या दुधात काय खोट निघाली का" असं विचारत होती तेव्हा. त्या दिवसापासून फॅट ३३, एसएनएफ ८५ असं पूर्णांकात ठेवलं आणि रक्कमसुद्धा रुपयांत नाही, पैशांत.

मग लाईट. एकदा नोंद चालू असतानाच लाईट गेली, तो डेस्कटॉप होता, यूपीएस नव्हता. परत चालू केला तर संकलनाच्या टेबलात दूध जमा आणि त्याच माणसाच्या खात्यात रक्कम जमा नाही. ट्रान्झॅक्शन म्हणजे काय, दोन्ही नोंदी एकत्र पडतात नाहीतर एकही पडत नाही, हे टीईला डेटाबेस विषयाच्या सरांनी शिकवलं तेव्हा मला पुस्तक उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. मामाने पुढचे दहा दिवस रजिस्टर बंद करू दिलं नाही, दोन्हीकडं लिहायला लावलं, आणि बिलाच्या रात्री दोन्हीची बेरीज पैशासकट जुळली तेव्हाच रजिस्टर कपाटात गेलं. तेव्हा मला राग आलेला, आता कळतं की ते माझं पहिलं टेस्टिंग होतं.

तर घरात नाहीतर गल्लीत असा एक माणूस शोध ज्याला कसल्यातरी हिशोबाचा रोज त्रास होतो, आणि त्याचं ते काम शेवटपर्यंत पुरं करून दे, म्हणजे तो रोज वापरेल इथपर्यंत. किराणावाला असेल, पतसंस्थेतला क्लार्क असेल, पिठाची गिरणी असेल, कुणीही. प्रोजेक्ट छोटा असला तरी चालेल पण वापरणारा माणूस खरा पाहिजे.

टेस्टिंगवाली

वरच्या दादांशी सहमत. मी पुण्यात नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, त्यामुळे फीवाल्या इंटर्नशिपबद्दल थोडं स्पष्ट लिहिते.

मी स्वतः टीईला असताना अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते, नाव लिहीत नाही. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकच झिप फाईल मिळाली, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम, आमच्या बॅचच्या चाळीस जणांचा प्रोजेक्ट तोच. पुढे इंटरव्ह्यूत मला एवढंच विचारलं की पेशंटला दोनदा डिस्चार्ज दिला तर तुझ्या टेबलात काय होतं, आणि मला सांगता आलं नाही कारण ते टेबल मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. वडिलांचे पैसे गेले त्यापेक्षा ते गप्प बसणं मला अजून आठवतं. आता मी टेबलाच्या पलीकडे बसते तेव्हा रेझ्युमेवर सर्टिफिकेटची रांग दिसली तर ती ओलांडून सरळ "स्वतः लिहिलेलं काहीतरी दाखव" इथं येते.

बाळा, कुठलीही इंटर्नशिप घेण्याआधी एकच विचार, माझा कोड रोज कोण वाचणार आहे? उत्तर मिळालं नाही तर तिथं जाऊ नकोस, फुकट असली तरी. पुढे अभ्यासक्रमात विद्यापीठाची इंटर्नशिप असेल तर ती तेव्हा बघू, त्यासाठी आत्ताच घाई नको.

ज्या खरोखर चांगल्या संधी असतात त्यांचे अर्ज सुट्टी लागल्यावर नसतातच, त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यापासूनच असतात, आणि आपल्याकडच्या पोरांना ते मे महिन्यात कळतं, हे मला दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी वाईट वाटतं. म्हणून आत्ताच मोबाईलमध्ये रिमाइंडर लाव. भारतीय विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप असते, तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ओपन सोर्सवर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना समर फेलोशिप देतो, त्यांची निवड मार्कांवर नाही तर आधी दिलेलं काम करून दाखवण्यावर असते, तेही उन्हाळ्याच्या आधीच. गुगल समर ऑफ कोड हा अशाच ओपन सोर्स कामाचा गुगलचा उपक्रम २००५ पासून चालू आहे, संस्थांची यादी फेब्रुवारीत येते, अर्ज मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात, आणि निवड होते ती बहुतेक त्या पोरांची जी त्याआधी दोन-तीन महिने त्या संस्थेच्या कोडमध्ये बारीकसारीक दुरुस्त्या करत असतात. म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची तयारी या उन्हाळ्यात आहे.

त्या तयारीचं पहिलं पाऊल म्हणजे गिट आणि कमांड लाईन (माऊसऐवजी टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम देणं). एमआयटीतल्या लोकांनी २०२० मध्ये मिसिंग सेमिस्टर नावाची छोटी लेक्चर सिरीज केली, कॉलेजात जे कुणी शिकवत नाही पण रोज लागतं ते सगळं त्यात आहे, शेल, एडिटर, गिट, डीबगिंग. नोट्स वेबसाईटवर फुकट आहेत, मजकूरच आहे त्यामुळे डेटा जवळजवळ लागत नाही, व्हिडिओ नाही बघितले तरी चालतं. इंग्रजी जड वाटलं तर आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, पायथन वगैरेचे छोटे व्हिडिओ मराठीतसुद्धा आहेत.

आणि रोज झोपताना एक कमिट, म्हणजे त्या दिवशीच्या बदलाची गिटमध्ये नोंद. आज फक्त एका फंक्शनचं नाव बदललं असेल तरी चालेल. महिनाभराने स्वतःचाच इतिहास वाचता येतो आणि कुठल्या दिवशी काय मोडलं ते सापडतं.

डेटाचं म्हणशील तर एक दिवस सिन्नरला नाहीतर नाशिकला कुणा मित्राच्या वायफायवर जा आणि एकदमच सगळं उतरवून आण, लिनक्सची आयएसओ (बसवायची फाईल) काही जीबीची असते, पायथनचं पूर्ण डॉक्युमेंटेशन झिपमध्ये मिळतं, एनपीटेलचे व्हिडिओही उतरवता येतात. नंतर घरी बसून ऑफलाईन. ऑफलाईन शिकलेलं पक्कं बसतं असा माझा अनुभव आहे, कारण अडलं की लगेच दुसऱ्याचं उत्तर चिकटवता येत नाही, डॉक्युमेंटेशन वाचावंच लागतं.

दररोज_दोन

मी थोडं वेगळं सांगतो, राग नसावा. गावातल्या माणसाचं काम करून देणं चांगलंच आहे, पण कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्यांची पहिली फेरी कोडिंग टेस्टची असते, तिथं पास झालास तरच तुझ्या प्रोजेक्टबद्दल कुणीतरी विचारेल. मी बीईला (शेवटच्या वर्षाला) दोन टेस्टमध्ये बाहेर पडलो होतो, माझ्याकडं प्रोजेक्ट असूनसुद्धा. त्यामुळे डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) सोडू नको.

फक्त करायची पद्धत बदल. दिवसाला दोनच प्रॉब्लेम, पण आधी कागदावर. एक उदाहरण देतो. बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधला आकडा बघून शोधणं) सगळ्यांना पाठ असतो, मधला इंडेक्स, म्हणजे मधली जागा, काढायला लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज भागिले दोन. तूही जर्नलला हेच लिहिलं असशील. आता लो आणि हाय दोन्ही मोठे आहेत असं धर, बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढं गेली की ३२ बिटच्या इंटिजरमध्ये ती मावत नाही आणि जावात सरळ उणे आकडा येतो, मग इंडेक्सच उणे. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत सुमारे नऊ वर्षं होती, २००६ मध्ये ती लिहिणाऱ्यानेच, जोशुआ ब्लॉक यांनी, जाहीर केली. उपाय एका ओळीचा आहे, हाय वजा लो याचं निम्मं लो मध्ये मिळवायचं. हे मला कळलं त्या दिवसापासून मी पाठ केलेल्या प्रत्येक कोडकडे परत बघायला लागलो, लिंक्ड लिस्ट रिकामी असेल तर? एकच नोड असेल तर? हॅश टेबल भरलं तर?

तर सकाळी शेतात जातोसच, एक प्रॉब्लेम वाचून जा, काम करता करता डोक्यात फिरू दे, आल्यावर कागदावर लिही, मग लॅपटॉप. तीनशे प्रॉब्लेम सोडवले म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे असतात, त्यांच्याकडं बघू नको. सात आठवड्यांत शंभरच्या आत होतील, पण ते तुझे असतील.

आणि गणितासारखा एखादा विषय राहील अशी धाकधूक असेल तर रिझल्टची वाट न बघता त्याला आत्ताच रोज अर्धा तास दे. टीईच्या सबमिशनमध्ये बॅकचा अभ्यास होत नाही, हे बघितलंय मी.

प्रवरेकाठचा

राग कसला, बरोबर आहे तुमचं. मी पण तेव्हा सकाळी डेअरी आटोपली की दुपारी प्रॉब्लेम करायचो. दोन्ही जमतं. फक्त पोरं नुसते प्रॉब्लेम करतात आणि स्वतःचा दोनशे ओळींचा प्रोग्राम आयुष्यात एकदाही लिहीत नाहीत, ते होऊ नये.

कानामात्रा

कुणी मराठीचा विषय काढला नाही म्हणून मी काढते. मी भाषेच्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि या क्षेत्रात मराठी येणारी, कोड लिहिणारी पोरं खरंच कमी पडतात.

आज संध्याकाळी पाच मिनिटांचा प्रयोग कर. "शिक्षक" हा शब्द घे. डोळ्याला अक्षरं किती दिसतात? शि, क्ष, क, तीन. पायथनमध्ये लांबी विचार, ६ येईल, कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) श, वेलांटी, क, हलन्त, ष, क असे सहा कोड पॉइंट, म्हणजे चिन्हांचे क्रमांक, आहेत. आता तेच सी++ मध्ये यूटीएफ-८ फाईलमधून वाचून साध्या स्ट्रिंगची लांबी विचार, १८ येईल, देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट खातो. एकाच शब्दाची तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर. मग स्ट्रिंग उलटी करण्याचा पहिल्या वर्षाचा प्रोग्राम या शब्दावर चालव, "कष्किश" येईल. वेलांटी श ची सुटून क ला चिकटली आणि क्ष फुटून ष्क झाला. नीट उलटं करायचं तर आधी अक्षर म्हणजे काय ते प्रोग्रामला शिकवावं लागतं. हे जमलं की तू टेक्स्ट प्रोसेसिंग खऱ्या अर्थाने शिकलास.

दुसरं, सॉर्टिंग. "कावळा" आणि "काळा" या दोन शब्दांत मराठी शब्दकोशात आधी कावळा येतो, कारण आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर आहे. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलाय, त्यामुळे साधं सॉर्ट केलं की काळा आधी. गावातल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी, सोसायटीच्या सभासदांची यादी, सगळीकडे ही चूक असते आणि वापरणारे बिचारे मान्य करून टाकतात. मराठी क्रमाने लावणारं एक छोटं फंक्शन लिही, उदाहरणं घालून, टेस्ट घालून, आणि गिटहबवर सगळ्यांसाठी खुलं ठेव.

तिसरं, जुने फॉन्ट. ग्रामपंचायतीत, छापखान्यात, शाळेत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली पडून आहेत. फॉन्ट काढला की मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, शोधता येत नाही, मोबाईलवर वाचता येत नाही. कुठलं चिन्ह कुठल्या अक्षराचं याचा तक्ता करायचा आणि युनिकोडमध्ये आणायचं. तक्ता सोपा आहे, त्रास ऱ्हस्व वेलांटी आणि रफार देतात, कारण टाइपात वेलांटी अक्षराच्या आधी पडते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवायची असते. आमच्या मावशीच्या शाळेच्या जुन्या शतकमहोत्सवी अंकाचा मजकूर मी असा सोडवला होता, पहिलं पान वाचता आलं तेव्हा मावशी स्क्रीनजवळ येऊन मोठ्याने वाचायला लागली.

आणि ज्या दिवशी कोड लिहायचा कंटाळा येईल त्या दिवशी मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं वाचून आवाज दे, नाहीतर दुसऱ्यांनी दिलेली तपास. तुमच्याकडची बोली, तुमच्याकडचे उच्चार त्यात आले तर पुढे मशीनला पुण्याबाहेरचं मराठीही कळेल. याचं सर्टिफिकेट मिळत नाही, तरी कर.

कांदाचाळ_सिन्नर

सगळ्यांचे खूप आभार. कालपासून तीनदा वाचलं. शिक्षकचा प्रयोग रात्रीच केला, ३, ६, १८ तंतोतंत, आईला पण दाखवला.

इंटर्नशिप घेत नाही, मित्रांना पण ताईंचा मेसेज पाठवला, एकाने अजून पैसे भरले नव्हते, तो थांबलाय.

हिशोबाचा त्रास कुणाला म्हणून बघायला बाहेर जायची गरजच नव्हती. वडील रोज सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर लासलगाव, विंचूर, सिन्नर, पिंपळगाव सगळीकडचे कांद्याचे भाव बघतात आणि आज कुठं न्यावा यावर दोन-तीन शेजाऱ्यांशी बोलणी चालतात. अ‍ॅगमार्कनेटच्या साईटवर प्रत्येक बाजार समितीची रोजची आवक आणि किमान, कमाल, मोडल (बहुतेक मालाला मिळालेला) भाव असतात, क्विंटलला. माझ्या डोक्यात आलं की मागच्या काही वर्षांचा डेटा घेऊन मशीन लर्निंगने पुढच्या आठवड्याचा भाव काढायचा. जमेल का सात आठवड्यांत?

टेस्टिंगवाली

अंदाजाच्या नादाला लागू नकोस, निदान या सुट्टीत तरी. कांद्याचा भाव निर्यातीच्या निर्णयाने एका रात्रीत बदलतो, ते तुझ्या डेटात कुठंच नसणार. आणि तुझ्या अंदाजावर विसंबून वडिलांनी माल थांबवला आणि चाळीत सडला तर? खऱ्या माणसाचं काम करताना हा विचार आधी करायचा.

वडिलांना नेमका प्रश्न काय पडतो ते त्यांनाच विचार. कोड नंतर.

कांदाचाळ_सिन्नर

विचारलं ताई. संध्याकाळी चाळीजवळ बसलो होतो तेव्हा. ते म्हणाले, "भाव काय, तो सगळ्यांनाच दिसतो. हातात किती उरले ते कुणी सांगत नाही." म्हणजे लासलगावला क्विंटलमागे शंभर जास्त मिळाले तरी गाडीभाडं, हमाली, तोलाई, निवडीत निघालेला गोल्टी (बारीक कांद्याचा) माल हे सगळं जाऊन सिन्नरपेक्षा खरंच जास्त उरले का, हे त्यांना कधी मांडूनच बघता आलं नाही. मग आत गेले आणि धान्याच्या कोठीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली, त्यात तीन हंगामांच्या हिशोबपट्ट्या, सगळ्या मिळून ४१. काही पट्ट्यांची शाई पार उडालीये.

मग ठरवलं की सकाळी शेत, दुपारी एक-दोन प्रॉब्लेम कागदावर, ऊन उतरलं की पट्ट्या. कॉलम ठेवलेत तारीख, बाजार समिती, वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं, हाती आलेली रक्कम. भाडं पट्टीवर नसतं, ते वडील आठवून सांगतायत. गिट चालू केलंय, आज तिसरं कमिट. २३ पट्ट्या टाइप करून झाल्या. पण वजन गुणिले भाव केलं तर चार पट्ट्यांची रक्कम पट्टीवरच्या रकमेशी जुळत नाही, बाकीच्या जुळतात. व्यापाऱ्याची चूक म्हणावी तर चारही वेगळ्या व्यापाऱ्यांच्या आहेत.

प्रवरेकाठचा

पट्टीवर वजन कसं लिहिलंय आणि तू कसं टाइप केलंस?

कांदाचाळ_सिन्नर

क्विंटल-किलो असं, मध्ये छोटी आडवी रेघ. १८-४० असेल तर मी १८.४० टाइप केलं.

प्रवरेकाठचा

ती चार बघ. त्यात रेघेच्या पुढं एकच आकडा असणार.

१८-५ म्हणजे १८ क्विंटल ५ किलो. तू १८.५ टाइप केलंस की ते १८ क्विंटल ५० किलो झालं, ४५ किलोचा फरक. दीड हजार भाव धरला तर ६७५ रुपये. वजन सगळं किलोत ठेव, पूर्णांकात, १८०५. क्विंटल आणि किलो दोन वेगळे कॉलम घेऊन टाइप कर आणि शंभरने गुणून बेरीज प्रोग्रामला करू दे. आणि पट्टीवरची रक्कम पण टाइप करत जा, गणिताशी जुळली नाही तर प्रोग्रामने ती ओळ लाल करावी. शाई उडालेल्या पट्ट्यांचे फोटो आजच काढ, उजेडात, उद्यावर ठेवू नको.

कांदाचाळ_सिन्नर

दादा, चारही तशाच निघाल्या. १८-५, २२-८, ९-६ आणि १४-२. किलोत केल्या, आता चारही रुपयासकट जुळतायत. फोटो काढतोय, सात पट्ट्यांचे आकडे उन्हात धरले तेव्हाच दिसले. वडील शेजारी बसून एकेक वाचून दाखवतायत, उरलेल्या १८ पट्ट्या आज रात्रीत होतील.